रस्ता खरवडणाऱ्या यंत्रातील कर्तनबलांचे मापन

जुन्या डांबरी किंवा काँक्रीट रस्त्याचा थर काढणाऱ्या मिलिंग मशीनच्या दातांवर कापताना येणारी बले मोजण्याचे तंत्र. यंत्राच्या आडव्या ड्रमवर टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे शंक्वाकार दात मळसूत्री ओळींत बसवलेले असतात. प्रत्येक दातावर तीन बले येतात : फिरण्याच्या दिशेतील कर्तनबल, दाताला ड्रमच्या अक्षाकडे रेटणारे लंबबल आणि बाजूचे पार्श्वबल.

इंजिनाच्या टॉर्कवरून सर्व दातांवरील कर्तनबलाचा सरासरी अंदाज बांधता येतो. पण त्यात पट्टे, पंप व घर्षणात खर्च होणारी शक्तीही मिसळते आणि दात कशाने मोडला हे त्यातून मुळीच कळत नाही. म्हणून एकेका दाताचे मापन हाच खरा पाया होय. ड्रमचा व्यास १ मी., वेग मिनिटाला १०० फेरे आणि खोली १० सेंमी. धरली, तर ०·६ सेकंदाच्या फेऱ्यात दात सुमारे ०·०६ सेकंदच रस्त्यात असतो. ड्रम बहुधा खालून वर कापत जातो, त्यामुळे तेवढ्या वेळात कपच्याची (दाताने कापून निघणाऱ्या तुकड्याची) जाडी शून्यापासून वाढत जाते आणि बलही चढते. खडीचा दगड लागताच त्यावर तीव्र शिखरे उमटतात. ती टिपायला सेकंदाला हजारो नोंदी लागतात.

यासाठी दाताच्या धारकावर स्ट्रेन गेज (ताण पडताच विद्युत् रोध बदलणाऱ्या पातळ पट्ट्या) चिकटवून ते व्हीटस्टन सेतूत (रोधातील सूक्ष्म बदल मोजणाऱ्या विद्युत् मंडलात) जोडतात. फिरत्या ड्रममधील संकेत सरकत्या कड्यांतून (फिरत्या व स्थिर भागांत विद्युत् संपर्क राखणाऱ्या) किंवा बिनतारी बाहेर आणतात. पाणी, धूळ व हादरे यांपासून गेज आणि तारा जपणे हे यातले सर्वांत जिकिरीचे काम. प्रयोगशाळेत एकच दात डांबरी ठोकळ्यावरून सरळ रेषेत ओढतात व ठोकळ्याखाली क्वॉर्ट्झचे त्रिघटकी (तिन्ही दिशांची बले मोजणारे) बलमापक ठेवतात. तेथे खोली आणि दातांमधील अंतर हवे तसे बदलता येते, मात्र कपच्याची बदलती जाडी व प्रत्यक्षातला वेग सहसा मिळत नाही.

डांबराचे तापमान नोंदवल्याशिवाय या आकड्यांना अर्थ नाही. थंडीत ते ठिसूळ तुटते, उन्हात मऊ पडते. शिवाय कापण्याचा वेग वाढला की अधिक ताठ वागते. संशोधक एव्हान्स यांनी कोळसा व खडकासाठी मांडलेली दातांची सूत्रे ठिसूळ भंग गृहीत धरतात, त्यामुळे तापलेल्या डांबराला ती जशीच्या तशी लावणे चूक ठरते. महाराष्ट्रातील रस्त्यांत बेसाल्टची कठीण खडी मोठ्या प्रमाणावर असते; तेथे शिखरबले वेगळी तपासावीत.

कर्तनबलाने केलेले कार्य भागिले निघालेल्या मालाचे घनफळ म्हणजे विशिष्ट ऊर्जा. दातांमधील अंतर ठरवताना ती उपयोगी पडते. बोथट दातावर लंबबल कर्तनबलापेक्षा झपाट्याने वाढते, म्हणून झीज ओळखण्यासाठी या दोहोंचे गुणोत्तर पाहतात.