लेखकाशी गप्पा

लेखकाशी गप्पा म्हणजे नवीन पुस्तक आलं की त्याच्या लेखकाला समोर बसवायचं आणि ते सुचलं कसं, लिहिलं कसं, कुठं अडलं, काय गाळलं हे वाचकांदेखत विचारून घ्यायचं. पत्रिकेवर याला ‘प्रकट मुलाखत’, ‘लेखक आपल्या भेटीला’, ‘लेखक-वाचक संवाद’ असं काहीतरी छापलेलं असतं, पण सातारा-सांगलीकडं बोलताना सगळे गप्पाच म्हणतात आणि मला तोच शब्द बरोबर वाटतो, कारण मुलाखत म्हटलं की लेखक आवाज बदलतो. प्रकाशन सोहळा ही वेगळी गोष्ट. तिथं पाहुणे पुस्तकाबद्दल बोलतात आणि लेखकाच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं येतात, त्यातली निम्मी आभारात जातात. गप्पांमधे लेखकच बोलतो, आणि तेही विचारलं तेवढंच, म्हणून तयार भाषण चालत नाही.

लेखकाच्या तोंडून लिहिण्याची हकीकत काढून घ्यायची हौस तशी जुनी आहे. जर्मनीत एकरमान नावाच्या माणसानं गटे या म्हाताऱ्या महाकवीबरोबरची बोलणी टिपून ठेवली आणि त्याचे पहिले दोन भाग १८३६ साली छापून आले. आजच्या मुलाखतीला वळण दिलं ते ‘पॅरिस रिव्ह्यू’ या त्रैमासिकानं, १९५३ साली पहिल्याच अंकात त्यांनी ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराची मुलाखत छापली आणि पुढं तेच त्या त्रैमासिकाचं वैशिष्ट्य झालं. सुरवातीला टेपरेकॉर्डर नसायचा, दोघं जण जाऊन हातानं टिपणं काढायचे, मग मजकूर लेखकाला दाखवायचे आणि लेखक आपली उत्तरं स्वतः दुरुस्त करायचा. म्हणजे ती छापील मुलाखतसुद्धा एक लिहिलेलीच गोष्ट होती, खोडून परत लिहिलेली. आपल्याकडं मुंबई दूरदर्शनच्या ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ कार्यक्रमानं लेखकांना घराघरात आणलं आणि आकाशवाणीच्या सांगली केंद्रानं या भागातल्या लेखकांचा आवाज गावोगाव पोचवला.

सातारा-सांगलीला हे सगळं बाहेरून आणावं लागलं नाही. लेखक इथं गावागावात होते. एकट्या आटपाडी तालुक्याचं बघा, माडगुळ्याचे ग. दि. आणि व्यंकटेश हे दोघे सख्खे भाऊ आणि आटपाडीचे शंकरराव खरात, तिघंही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ग. दि. माडगूळकर १९७३ ला यवतमाळला, व्यंकटेश माडगूळकर १९८३ ला अंबाजोगाईला आणि खरात १९८४ ला जळगावला. पाऊस नाही, पाणी नाही अशा माणदेशातून हे आलं. वाळव्यात वाटेगाव, अण्णाभाऊ साठ्यांचं गाव. वि. स. खांडेकरांचा जन्म सांगलीतला. साताऱ्याजवळचं मर्ढे म्हणजे मर्ढेकरांचं मूळ गाव. २०२५ ला दिल्लीच्या संमेलनाच्या अध्यक्ष झालेल्या लोकसंस्कृतीच्या अभ्यासक तारा भवाळकर सांगलीच्या. शिवाय मराठी विश्वकोशाचं काम वर्षानुवर्षं वाईतून चाललं. त्यामुळं इथल्या माणसाला लेखक हा दुसऱ्या जगातला वाटत नाही, त्याला प्रश्न विचारायला कुणी बिचकत नाही, आणि माझ्या मते इथल्या गप्पा रंगतात त्या यामुळंच.

मोठी संमेलनंही इथं झाली. १९७५ ला कराडला दुर्गा भागवत अध्यक्ष होत्या आणि यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष, आणीबाणी चालू असताना दुर्गाबाईंनी तिथं लेखकाच्या स्वातंत्र्याची बाजू उघड घेतली. १९९३ ला सातारा, २००३ ला परत कराड, २००८ ला सांगली, तिथं सांगलीचेच म. द. हातकणंगलेकर अध्यक्ष होते, आणि २०२६ च्या जानेवारीत साताऱ्यात ९९ वं झालं, अध्यक्ष विश्वास पाटील. संमेलनात प्रकट मुलाखतीला वेळ ठेवलेला असतो, पण हजारोंचा मांडव असला की लेखक टाळ्यांसाठी बोलायला लागतो, तो त्याचा दोष नाही, मांडवाचा आहे. पलूस तालुक्यात कृष्णेकाठी औदुंबरला संक्रांतीला भरणारं संमेलन त्या मानानं घरगुती, दत्ताच्या देवळाजवळ, नदीच्या वाऱ्यात, आणि लेखक जेवणाच्या पंगतीतसुद्धा सापडतो. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं भिलार ४ मे २०१७ ला ‘पुस्तकांचं गाव’ झालं, स्ट्रॉबेरीवाल्या गावातल्या घराघरात साहित्यप्रकारानुसार पुस्तकं मांडली, ही कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून घेतलेली. तिथं कुणाच्या तरी ओसरीत बसून लेखकाशी बोलायला मिळालं तर त्यासारखी जागा नाही.

पण खरा कार्यक्रम होतो तो वाचनालयात. शहरातलं नगर वाचनालय असो नाहीतर तालुक्याच्या गावातलं, सरकारी वर्गवारीत ‘ब’ वर्गातलं छोटं ग्रंथालय, वरच्या मजल्यावरचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पुढं सतरंजी पोरांसाठी, टेबलावर चादर, एक माईक आणि तो दोघांत फिरवायचा. निमित्त बहुतेक ठरलेलं असतं, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, नाहीतर जिल्ह्याचा ग्रंथोत्सव. साताऱ्यात ग्रंथमहोत्सव भरतो तेव्हा पुस्तकांच्या स्टॉलमधे फिरता फिरता माणसं गप्पांना येऊन बसतात. सत्कार आधी उरकून घेतात, शाल, श्रीफळ, साताऱ्यात असाल तर कंदी पेढे, तासगावकडं बेदाण्याचा पुडा. आता बऱ्याच ठिकाणी बुके बंद करून पुस्तक देतात, फार चांगलं झालं.

वेळ संध्याकाळी साडेपाच-सहाची, आणि ती कुणी कितीही मोठा असला तरी पाळावीच लागते, कारण निम्मे लोक आसपासच्या खेड्यातून आलेले असतात आणि शेवटची एसटी आठाच्या सुमारास सुटते. साधारण चाळीस मिनिटं मुलाखतकार लेखकाला बोलतं करतो, मग वाचकांचे प्रश्न. दारात प्रकाशकाचं किंवा स्थानिक दुकानदाराचं टेबल असतं, पुस्तक सवलतीत, आणि सही घ्यायची रांग. सहीच्या रांगेतसुद्धा गप्पा होतात, खरं तर लाजरे लोक तिथंच विचारतात.

मुलाखतकार कोण हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. त्यानं पुस्तक वाचलेलं पाहिजे, म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मलपृष्ठ आणि प्रस्तावना वाचून आलेला मुलाखतकार दोन मिनिटांत कळतो, लेखकालाही कळतो आणि मग लेखक हात आखडता घेतो. चांगला मुलाखतकार पुस्तकात कागदाचे चिटोरे घालून येतो, पान नंबर सांगून विचारतो. ‘या कादंबरीमागची प्रेरणा काय’ हा प्रश्न मी शंभर वेळा ऐकलाय आणि त्याचं उत्तर एकदाही लक्षात राहिलेलं नाही, कारण या प्रश्नाला लेखक जे सांगतो ते पुस्तक झाल्यावर जुळवलेलं असतं. त्यापेक्षा साधं विचारावं. पहिलं वाक्य पहिल्यापासून हेच होतं का? किती खर्डे झाले? वहीत लिहिता का मोबाईलवर? नोकरी करून कधी लिहिता, पहाटे का रात्री? कुठल्या पात्राचं नाव बदललं आणि का? पहिल्यांदा कुणाला वाचायला दिलं आणि तो काय म्हणाला? असं विचारलं की लेखकाला आठवायला लागतं, तो थांबतो, छताकडं बघतो, आणि मग जे बोलतो ते त्यानं आधी कुठं बोललेलं नसतं. ती शांतता मोडायची नाही हे मुलाखतकाराला समजलं पाहिजे. नवीन मुलाखतकार घाबरून लगेच पुढचा प्रश्न टाकतो आणि येऊ घातलेलं उत्तर जातं.

या भागातल्या गप्पांमधे एक विषय हमखास निघतो तो म्हणजे बोली. संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण भाषेत ही जुनी वाट आहे, पण आता बरेच जण निवेदनसुद्धा बोलीत करतात आणि मग खरी कसरत सुरू होते. ‘न्हाई’ लिहायचं का ‘नाय’ का ‘न्हाय’? माणदेशातला माणूस जसं बोलतो तसं कराडचा बोलत नाही आणि मिरजेत कानडीची लकब येते. सांगलीकडं मोठ्या माणसाला ‘कधी आलासा’ म्हणतात, तो ‘सा’ काढला तर मान जातो आणि ठेवला तर विदर्भातला वाचक अडखळतो. मुद्रितशोधकाची गोष्ट तर प्रत्येक लेखकाकडं असते. एका कथाकारानं सांगितलं की त्याचे सगळे ‘न्हाय’ पहिल्या प्रुफात ‘नाही’ होऊन आले, साडेतीनशेच्या वर, तो दोन रात्री बसून एकेक परत करत होता आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की वीसेक ठिकाणी ‘नाही’च बरं वाटतंय, म्हणून ते तसेच राहू दिले. पुस्तकात मी ते वीस शोधले. ज्या पात्राची शाळा झालीये त्याच्या तोंडी ते आहेत. हे त्यानं ठरवून केलेलं नव्हतं.

तालुक्याच्या एका वाचनालयात झालेल्या गप्पा मी कधी विसरणार नाही. लेखक चाळिशीतला, शाळामास्तर, पहिलीच कादंबरी, शेतकरी घरातली. मुलाखत बरी झाली, मग प्रश्नांना सुरवात झाली आणि मागच्या रांगेतून एक साठीच्या बाई उठल्या, डोक्यावर पदर, हातात वाचनालयाचा शिक्का असलेलं पुस्तक. त्या म्हणाल्या, “दादा, म्हस तर तिसऱ्या भागात इकली न्हवं? मग पुढं पावसात तिच्या अंगावर पोतं टाकलं ते कुणी?”

हॉल गप्प. मास्तरांनी पुस्तक उघडलं, पान चाळलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. “मावशी, बरोबर पकडलंसा,” म्हणाले. पिशवीतून त्यांनी वही काढली, शाळेची दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, पानापानावर लाल शाईनं आडव्या रेघा मारलेल्या. झालं असं होतं की दुसऱ्या खर्ड्यात म्हैस विकल्यावर बाप उसने पैसे घेऊन बाजारात जातो आणि तीच म्हैस जास्त पैसे देऊन परत आणतो असं अकरा पानांचं प्रकरण होतं. तिसऱ्या खर्ड्यात ते गाळलं, कारण एका मित्रानं सांगितलं की इथं गोष्ट रेंगाळतीय. प्रकरण गेलं, पण पुढची पावसातली एक ओळ राहून गेली. ना लेखकाला दिसली, ना संपादकाला, ना मुद्रितशोधकाला. दिसली त्या बाईंना, कारण त्यांच्या दारात म्हैस आहे.

मग कुणीतरी म्हणालं, वाचा की ते. आणि मास्तरांनी ती गाळलेली पानं वाचली, अडखळत, कारण स्वतःचंच अक्षर लागत नव्हतं. बाप दावं हातात घेऊन घरी येताना म्हशीशी बोलतो, तिची माफी मागतो, असं काहीतरी होतं त्यात. छापलेल्या पुस्तकातला बाप अख्ख्या कादंबरीत कुणाचीच माफी मागत नाही. मला त्या क्षणी कळलं की हा माणूस एवढा कठोर का वाटतो, त्याचा मऊ भाग लाल शाईखाली गेला होता. मास्तर चुकले असं मी म्हणणार नाही, कादंबरी त्या कठोरपणावरच उभी आहे. पण हे कळायला दुसरी जागा नव्हती, परीक्षणात हे येत नाही, प्रस्तावनेत येत नाही.

वाचकांच्या प्रश्नांचं महत्त्व म्हणूनच जास्त. काही आयोजक चिठ्ठ्या मागवतात आणि निवडून वाचतात, वेळ वाचतो हे खरं, पण चिठ्ठीत म्हैस आली असती का मला शंका आहे. प्रश्नाच्या नावाखाली भाषण ठोकणारे सगळीकडं असतात, त्यांना कार्यवाहांनी नम्रपणे थांबवायचं असतं.

२०२० च्या लॉकडाउनमधे या गप्पा फेसबुक लाइव्ह आणि झूमवर गेल्या. पुण्या-मुंबईचे लेखक खानापूर-जतच्या वाचकाला मोबाईलवर दिसायला लागले, प्रवासखर्च नाही, मानधनाचा ताण नाही, आणि परदेशातल्या मराठी वाचकालाही येता आलं. नंतर पॉडकास्ट वाढले. तिथं दीड-दोन तास सलग बोलता येतं आणि काही मुलाखती खरोखर उत्तम आहेत. पण स्क्रीनवर सहीची रांग नसते, आणि मागच्या रांगेतून कुणी उठत नाही.

या गप्पा जपून ठेवण्याची सोय मात्र आपल्याकडं फारशी नाही. वाचनालयाच्या इतिवृत्तात दोन ओळी येतात, स्थानिक पेपरात फोटो येतो, त्यात शाल दिसते, बोलणं दिसत नाही. शिवाय ही नदीकाठची शहरं, २०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा दीडशे वर्षांच्या सांगली नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजली, कागद किती टिकतो ते या शहरानं डोळ्यांनी बघितलंय. प्रत्येक वाचनालयानं साधं मोबाईलवर का होईना रेकॉर्डिंग करून दोन ठिकाणी ठेवावं, तारीख आणि लेखकाचं नाव टाकून. फार खर्चाचं काम नाही ते.

त्या मास्तरांच्या पुस्तकाची पुढं दुसरी आवृत्ती निघाली, पावसातली ओळ त्यांनी काढून टाकली. गाळलेली अकरा पानं अजून कुठं छापून आलेली नाहीत, ती वहीत आहेत आणि त्या दिवशी पुढच्या रांगेतल्या एका कॉलेजच्या पोरानं केलेल्या रेकॉर्डिंगमधे आहेत. त्यानं ते मला पाठवलं होतं. शेवटी शेवटी खुर्च्या सरकल्याचा आवाज येतो, कुणीतरी “चला, गाडी जाईल” म्हणतं, आणि मास्तर तरीही वाचत असतात.