चर्चच्या विटा खरंच इंग्लंडहून आल्या?

अमेरिकेत व्हर्जिनिया-मेरीलँडकडच्या छोट्या गावात जुनं एपिस्कोपल (एका प्रोटेस्टंट पंथाचं) चर्च बघायला गेलं की कोणीतरी सांगतंच, 'या विटा इंग्लंडहून जहाज स्थिर राहावं म्हणून तळाला भार म्हणून टाकून आल्यात.'

असं वाटणं साहजिक आहे, कारण या पंथाची मंडळी अमेरिकेच्या स्वातंत्र्याआधी चर्च ऑफ इंग्लंडचीच होती, एपिस्कोपल चर्चची रीतसर घडी बसली 1789 ला. आणि जुन्या कागदात 'इंग्लिश ब्रिक' दिसतं, पण ते बऱ्याचदा विटेच्या मापाबद्दल असतं, ती कुठून आली याबद्दल नाही.

आता हिशोब बघा. एक वीट अडीच-तीन किलोची, चर्चला लागणार हजारो, त्या समुद्रापार आणून परत बैलगाडीने आत न्यायच्या कशाला, जेव्हा चिकणमाती आणि जळाऊ लाकूड तिथंच भरपूर होतं? गवंडी तर 1607 ला जेम्सटाउनला, म्हणजे व्हर्जिनियातल्या इंग्रजांच्या वसाहतीत, उतरलेल्या पहिल्या लोकांतच होते! थोड्याफार विटा आल्याही असतील, पण अख्खं चर्च नाही.

चेक करायचं तर त्या चर्चचं जुनं व्हेस्ट्री बुक, म्हणजे कारभाऱ्यांची वही, मिळते का बघा, विटा पाडायचा करार त्यात सापडू शकतो. आवारात माती काढलेला खड्डा किंवा जास्त भाजून काचेसारखे झालेले तुकडे दिसले तर भट्टी शेजारीच होती समजा.