मुंबईच्या हवेत जेली उभी राहते कशी?

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी, पार्ल्याच्या आमच्या स्वयंपाकघरात भाचीने फ्रिजमधून सोळा छोट्या कपांचा ट्रे बाहेर काढला. थर्टीफर्स्टला गच्चीवर पार्टी होती, तिच्या जेली शॉट्सची, म्हणजे मद्य घालून केलेल्या जेलीच्या कपांची, ही रंगीत तालीम. लालचुटुक, चकचकीत, ट्रे हलला की एकदम थरथरणारे. शेजारच्या शेगडीवर कुकर होता आणि भिंतीवरचा तापमापक 31 अंश सेल्सिअस दाखवत होता. फोटो काढून होईतो कडा ओघळू लागल्या आणि वीस मिनिटांत कपांत परत सरबत झालं. "मावशी, दोन तास फ्रिजमध्ये ठेवले होते गं, घट्ट झाले होते चांगले," ती हिरमुसून म्हणाली.

घट्ट झाले होते हे खरंच. पण जेली ज्याने घट्ट होते त्या जिलेटिनचा घट्टपणा म्हणजे काय, हे समजून घेतलं की ते का वितळले ते कळतं, आणि पुढच्या वेळी काय करायचं तेही.

प्राण्यांच्या कातडीत, हाडांत आणि स्नायूंच्या बंधांत कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं. त्याची रचना आपल्या ओळखीची आहे: तिपेडी वेणी. प्रथिनाचे तीन लांब धागे एकमेकांभोवती वळलेले असतात आणि वेणीच्या आतल्या बाजूला जागा इतकी कमी की प्रत्येक धाग्यावर दर तिसरी जागा ग्लायसिनला, म्हणजे सगळ्यांत लहान अमिनो आम्लाला द्यावी लागते. ही वेणी 1954 मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. जेलीच्या कपामागे मद्रासमधलं इतकं मोलाचं संशोधन आहे, हे मला फार आवडतं. भाचीलाही मी आधी हेच सांगितलं, कृती नंतर.

कातडी-हाडं आम्लात किंवा चुन्याच्या निवळीत मुरवून गरम पाण्यात उकळली की वेणी सुटते. सुटलेले धागे म्हणजे जिलेटिन. गरम पाण्यात ते मोकळे वळवळत असतात. पाणी थंड होऊ लागलं की जुन्या सवयीने पुन्हा वेणी घालू पाहतात, पण पहिल्यासारखी अख्खी वेणी काही जमत नाही. कुठे दोन बोटं, कुठे चार बोटं असे तुकडे वळले जातात, एकच धागा दोन-तीन वेण्यांत अडकतो आणि सगळ्या भांड्यात एक जाळं तयार होतं. त्या जाळ्याच्या घरांत पाणी अडकून बसतं. शंभर ग्रॅम जेलीत जिलेटिन जेमतेम तीन-चार ग्रॅम, तरी बाकीचं सगळं उभं राहतं.

या वेण्यांना धरून ठेवणारे बंध नाजूक असतात. साधारण 30 ते 35 अंशांना ते सुटतात. आपल्या तोंडातलं तापमान 37 च्या आसपास, म्हणून जेली जिभेवर ठेवली की न चावता विरघळते. जिलेटिनची सगळी गंमत या दोन-चार अंशांच्या फरकात आहे, आणि मुंबईतली पंचाईतही तिथेच आहे. आपली दुपार त्याच आकड्यांपाशी येऊन थांबते. खरवसाचं उलट असतं. चिकातली प्रथिनं उष्णतेने उलगडून एकमेकांना कायमची चिकटतात, त्यामुळे खरवस उन्हात ठेवला तरी पुन्हा दूध होत नाही.

दोन तासांत काय चुकलं? जेली हलेनाशी झाली म्हणजे जाळं पुरं झालं, असं नसतं. वेण्या पुढे कित्येक तास वळल्या जात राहतात आणि जसजशा लांबतात तसतसं वितळण्याचं तापमानही थोडं चढतं. जिलेटिनची ताकद 'ब्लूम' या एककात मोजतात. ऑस्कर ब्लूम यांनी 1925 मध्ये पेटंट घेतलेल्या उपकरणावरून हे नाव आलं. या चाचणीत 6.67 टक्के जिलेटिनचं द्रावण 10 अंशांना सोळा ते अठरा तास ठेवून मगच त्यावर दट्ट्या दाबतात. मोजणारेच इतकी वाट पाहतात, तर आपण आदल्या रात्री जेली लावणं उत्तम. घाईने फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नये. बर्फाचे स्फटिक जाळं फाडतात आणि नंतर जेली पाणी सोडते.

दुसऱ्या तालमीत आम्ही अर्ध्या लिटरला 18 ग्रॅम जिलेटिन घेतलं, साडेतीन टक्क्यांहून थोडं जास्त. ते 100 मिलिलिटर गार पाण्यावर भुरभुरवून दहा मिनिटं फुगू दिलं. कोरडं जिलेटिन थेट गरम पाण्यात टाकलं तर पिठल्यात बेसन एकदम पडल्यासारखं होतं: दाण्याचं बाहेरचं अंग चिकट होऊन बसतं आणि आत कोरडं राहतं. मग 100 मिलिलिटर गरम, पण न उकळणाऱ्या पाण्यात ते विरघळवलं. अमृत कोकम 150 मिलिलिटर, तेही आच बंद केल्यावर. कोकमातल्या आम्लाबरोबर जिलेटिन उकळलं तर धागेच तुटून आखूड होतात आणि जाळं लेचंपेचं बनतं. शेवटी 150 मिलिलिटर व्होडका. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं, म्हणून मिश्रण कोमट झाल्यावरच. आणि जास्त कडक करण्याच्या मोहात पडू नये: अल्कोहोलचं प्रमाण फार वाढलं की ते पाणी स्वतःकडे ओढतं आणि जिलेटिन जाळं विणण्याऐवजी गोळा होऊन खाली बसतं.

भाचीला वर ताज्या अननसाची फोड हवी होती. तिथे मी हात धरला. मटण शिजायला कच्ची पपई का चोळतात? पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं. जिलेटिनही प्रथिनच. अननसातलं ब्रोमेलेन, किवी आणि ताज्या अंजिरातली विकरं (एन्झाइम) तेच काम करतात, आणि आल्याच्या रसातही असं विकर असतं हे अनेकांना ठाऊक नसतं. यांतलं काहीही कच्चं घातलं तर रात्रभर ठेवूनही जेली लागत नाही. चांगली उकळी दिलेला किंवा डब्यातला अननस चालतो, कारण उष्णतेने विकर निकामी झालेलं असतं.

गच्चीवर येणाऱ्यांत चौघे शाकाहारी होते आणि जिलेटिन शाकाहारी नाही, ही गोष्ट लपवून ठेवण्यासारखी नाही. त्यांच्यासाठी चायना ग्रास, म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेलं अगार. ते प्रथिन नसून शर्करांची साखळी आहे, त्यामुळे अननस त्याचं काही बिघडवत नाही. त्याची चालही न्यारी: 35-40 अंशांना लागतं, पण एकदा लागलं की वितळायला 85 अंश हवेत. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या बर्लिनमधल्या प्रयोगशाळेत हीच अडचण होती. जंतू वाढवायचे 37 अंशांना, आणि त्या उबेत जिलेटिनचं पाणी होई. काही जंतू तर ते खाऊनच टाकत. 1881 मध्ये तिथल्या एका संशोधकाच्या पत्नी फॅनी हेसे यांनी आपल्या स्वयंपाकघरातला उपाय सुचवला: अगार वापरा. जाव्यात राहिलेल्या ओळखीच्या कुटुंबाकडून तो त्यांना कळला होता. आजही जंतुशास्त्राच्या काचेच्या बशीत अगारच असतं. कॉख 1897 मध्ये प्लेगच्या साथीत मुंबईला येऊनही गेले.

अगारला अर्ध्या लिटरला पाच ग्रॅम पुरे, पण ते नीट उकळावं लागतं आणि व्होडका साध्या तापमानाची हवी. फ्रिजमधली ओतली तर तिथल्या तिथे धागे धरतात. तोंडात मात्र अगार विरघळत नाही, कच्चकन तुटतं. मला स्वतःला जिलेटिनचीच जेली आवडते. पण उन्हात उभं राहायचं तर अगारला तोड नाही.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. आपल्याकडच्या व्होडकात सहसा 42.8 टक्के अल्कोहोल असतं. आमच्या मापात 30 मिलिलिटरच्या एका कपात साधारण तीन ग्रॅम आलं. सव्वातीन कप म्हणजे एक छोटा पेग. हिशेब सोपा आहे, पण जीभ तो करत नाही, कारण गारवा आणि गोडवा अल्कोहोलचा जाळ झाकून टाकतात. जेरी थॉमस या अमेरिकन बारमनने 1862 मध्ये पंचच्या जेलीची कृती छापली, तेव्हाच बजावलं होतं की तिचा कडकपणा इतका बेमालूम लपलेला असतो की लोक भरमसाट खातात आणि मग त्यांना नाचता येत नाही. गिळलेलं अल्कोहोल रक्तात चढायला अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच निपटतं. दहा मिनिटांत सहा कप खाणाऱ्याला आपण किती घेतली हे फार उशिरा कळतं. म्हणून आम्ही ट्रेवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली: सव्वातीन कप = एक पेग. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची 25 वर्षं पूर्ण हवीत आणि परवानाही लागतो. गच्चीवर इमारतीतली मुलंही येणार होती, त्यांच्यासाठी बिनमद्याची जेली वेगळ्या आकाराच्या, वेगळ्या रंगाच्या साच्यात केली आणि कपांचा ट्रे त्यांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवला. मूल जेली बघून विचारत बसत नाही.

सजावटीला सोलकढीचे रंग घेतले, खाली कोकम आणि वर नारळाचं दूध. नारळाच्या दुधातले तेलाचे बारीक थेंब प्रकाश विखुरतात म्हणून तो थर पांढराशुभ्र दिसतो. खालचा थर बोटाला चिकटेल इतपत लागल्यावरच वरचा कोमट थर ओतायचा. आधी ओतला तर मिसळतो, फार उशीर केला तर दोन्ही थर एकमेकांना धरत नाहीत. सकाळपर्यंत दोन्हींच्या सीमेवर गुलाबी रेघ उमटली होती. जाळ्याची घरं रंगाच्या रेणूंना अडवण्याइतकी लहान नसतात, त्यामुळे रंग जेलीतूनही सावकाश चालत राहतो.

थर्टीफर्स्टला ट्रे परातीतल्या बर्फावर ठेवला आणि कप शेवटपर्यंत उभे राहिले. चार उरले. दुसऱ्या दिवशी दुपारी शेगडीशेजारी ओट्यावर विसरलेल्या त्या कपांचं पुन्हा सरबत झालं होतं. भाचीने ते फ्रिजमध्ये परत ठेवले, खायला नव्हे, नुसतं बघायला. संध्याकाळी तिने दार उघडून ट्रेला बोट लावलं. चारही कप थरथरले, फक्त थर आता राहिले नव्हते, सगळं एकच फिकट गुलाबी झालं होतं.