जिव्या सोमा म्हसे आणि ‘भित्तिचित्रकार’ हा शब्द

वारली चित्रकला डहाणू तालुक्याबाहेर नेणारे जिव्या सोमा म्हसे यांचा उल्लेख अनेकदा ‘भित्तिचित्रकार’ असा केला जातो. ज्या कामामुळे त्यांचे नाव झाले ते मात्र मुख्यतः कागदावरचे आणि कापडावरचे आहे. आणि ज्या भिंतीवरून ही कला तिथवर आली, ती भिंत परंपरेने बायकांची होती.

लग्नघरातील कुडाची भिंत शेणाने सारवून व गेरूने रंगवून सवाशिणी तिच्यावर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नविधीचे चौकोनी चित्र, लिहीत. चौक ‘काढला’ असे न म्हणता ‘लिहिला’ म्हणण्याची रीत आहे, कारण त्याच्या मध्यभागी पालघट ही सुफलतेची देवी बसते आणि धवलेरीच्या, म्हणजे लग्न लावणाऱ्या स्त्री-पुरोहिताच्या, गाण्यांबरोबर तिला तेथे बोलावले जाते. कार्य उरकले की चित्राचे कामही संपे. पुढच्या सारवणाखाली ते जाई. या कलेला हजारो वर्षांचे वय लावणारे हे विसरतात की कुडाची भिंत शतके टिकत नाही आणि कातळचित्रांशी दिसणारे साम्य हा काही पुरावा होत नाही.

म्हसे यांचा जन्म १९३४चा. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणे सोडले आणि मातीत रेघोट्या ओढून ते आपले म्हणणे सांगू लागले, असे सांगितले जाते. लग्नकार्याचे निमित्त नसतानाही ते चित्रे काढत, आणि एका पुरुषाने असे करणे हे पाड्यावर नवलाचेच होते.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हस्तकलांसाठीच्या सरकारी यंत्रणेकडून आलेल्या एका चित्रकाराने हे काम हेरले आणि चित्रे भिंतीवरून कागदावर आणण्याला चालना दिली. त्याआधी बिहारच्या दुष्काळात मिथिलेत, म्हणजे मधुबनी चित्रांच्या प्रदेशात, असाच प्रयोग झाला होता. तिथे कागद प्रामुख्याने बायकांच्या हाती गेला आणि नावही त्यांचेच झाले, तर डहाणूत विक्रीची चित्रे मुख्यतः पुरुषांकडे गेली. चित्रे कागदावर आणण्याच्या या निर्णयाने कला विधीतून मोकळी झाली, असे एक मत आहे. त्यात तथ्य आहे, कारण म्हसे यांनी चित्रांत पसरवलेले मासेमारीचे जाळे, मुंग्यांची लगबग किंवा तारपा या फुंकवाद्याभोवती फिरणारा नाच चौकाच्या चौकटीत मावला नसता. परंतु मोकळीक कोणाला मिळाली, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. चौक लिहिणाऱ्यांपैकी फारच थोड्या जणींची नावे बाहेर पोहोचली, आणि ‘वारली चित्र’ या एकाच नावाखाली देवीचे आवाहन व विकाऊ चित्र या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या जाऊ लागल्या. म्हसे यांचे श्रेय याने कमी होत नाही. त्यांना भित्तिचित्रकार म्हटल्याने मात्र हा बदल झाकला जातो.

पुढचा प्रवास परिचित आहे. १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९मध्ये पॅरिसच्या बहुचर्चित प्रदर्शनात सहभाग, २००३मध्ये जर्मनीत एका ब्रिटिश कलावंतासह प्रदर्शन, २००९मध्ये नेदरलँड्समधील सन्मान आणि २०११मध्ये पद्मश्री. त्यांची मुलेही याच कामात आली. १५ मे २०१८ रोजी म्हसे यांचे निधन झाले. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे मूळ प्रदेशाशी नाव जोडणारे कायदेशीर संरक्षण, मिळाले आहे. तरी दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून केलेल्या आकृत्या साड्यांवर, कपांवर आणि रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर दिसतात, आणि त्या सगळ्याच वारल्यांच्या हातच्या नसतात.