आपत्कालीन वैद्यक व बालरोगशास्त्र यांचे संयुक्त निवासी प्रशिक्षण

अमेरिकेतील पाच वर्षांचा पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षणक्रम. तो पूर्ण करणाऱ्या डॉक्टरला आपत्कालीन वैद्यक आणि बालरोगशास्त्र या दोन्ही विषयांच्या राष्ट्रीय मंडळांच्या, म्हणजे तज्ज्ञ म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या, परीक्षांना बसता येते. हे विषय वेगवेगळे शिकायचे तर बालरोगशास्त्राला 3 वर्षे आणि आपत्कालीन वैद्यकाला 3 किंवा 4 वर्षे लागतात. दोन्हींना सामाईक असलेला भाग संयुक्त क्रमात एकदाच करावा लागतो, म्हणून मुदत कमी होते.

बालरोगतज्ज्ञांचे अमेरिकन मंडळ 1933 सालचे. आपत्कालीन वैद्यक मात्र तिथेही तरुण शाखा आहे. तिचे पहिले निवासी प्रशिक्षण 1970 मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात सुरू झाले, मंडळ 1976 मध्ये स्थापन झाले आणि स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता 1979 मध्ये मिळाली. तातडीच्या सेवेची घडी बसली ती मुख्यतः हृदयविकाराचा झटका आणि रस्त्यावरचे अपघात डोळ्यांसमोर ठेवून, म्हणजे प्रौढ रुग्णासाठी. मुलांचे काय, हा प्रश्न हवाईचे बालरोगतज्ज्ञ कॅल्विन सिया यांनी लावून धरला. तिथलेच सिनेटर डॅनियल इनोये यांच्या पाठबळाने 1984 मध्ये अमेरिकन काँग्रेसने मुलांच्या आपत्कालीन सेवांसाठी कायदा केला. संयुक्त प्रशिक्षण हे त्याच गरजेला दिलेले आणखी एक उत्तर होय.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे बालरोगशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवतात. तातडीच्या वेळी हे विसरणे जीवावर बेतते. समजा, तान्ह्या बाळाची श्वासवाट 4 मिलिमीटर रुंद आहे आणि आतून सगळीकडे 1 मिलिमीटर सूज आली. वाटेची रुंदी निम्मी होते आणि हवेला होणारा अडथळा सैद्धांतिक हिशेबाने 16 पट वाढतो. 8 मिलिमीटर वाटेत तेवढ्याच सुजेने तो साधारण तिपटीवर जातो. 10 किलो वजनाच्या मुलाच्या अंगात रक्त जेमतेम 800 मिलिलिटर. त्यातले पाव लिटर गेले तरी रक्तदाब बराच वेळ ठीक दिसू शकतो, कारण नाडी वेगाने चालते आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्तदाब उतरतो तो अगदी शेवटी, आणि त्याची वाट पाहणाऱ्या डॉक्टरच्या हातून वेळ गेलेली असते. औषधाची मात्रा किलोवर ठरते. दशांशचिन्ह एक घर सरकले की डोस दसपट होतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. दहा दिवसांचे बाळ राखट पडलेले आले, तर जंतुसंसर्गाबरोबर जन्मजात हृदयदोषही बालरोगतज्ज्ञाच्या लगेच मनात येतो. पण छातीत नळी घालणे, अनेक जखमी एकदम आले की कोणाला आधी घ्यायचे ते ठरवणे, विषबाधेचा रुग्ण सावरणे, याचा सराव आपत्कालीन विभागात वाढलेल्या डॉक्टरला जास्त असतो. दोन्ही हात एकाच माणसाला असावेत, हा या क्रमामागचा विचार आहे.

पाच वर्षांचा काळ दोन्ही विषयांत साधारण निम्मा-निम्मा वाटलेला असतो. काही महिने एका विभागात, मग काही महिने दुसऱ्यात, असे पोस्टिंग फिरत राहते. नवजात शिशू व बाल अतिदक्षता विभाग, बालरोग वॉर्ड, किशोरवयीनांचे आरोग्य, मुलांचा विकास हे एका बाजूला. प्रौढांचा आपत्कालीन विभाग, ट्रॉमा (गंभीर दुखापती), भूल, प्रसूती, विषशास्त्र, रुग्णवाहिका सेवा हे दुसऱ्या बाजूला. बाह्यरुग्ण विभागात ठरावीक मुलांना वर्षानुवर्षे तपासण्याची बालरोगशास्त्राची अटही सुटत नाही. मला ती फार मोलाची वाटते: आजारी मूल ओळखायला निरोगी मुले शेकड्यांनी पाहिलेली असावी लागतात.

असे कार्यक्रम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. इंडियानापोलिस येथील इंडियाना विद्यापीठ, बाल्टिमोरचे मेरीलँड विद्यापीठ आणि टूसॉनचे ॲरिझोना विद्यापीठ ही त्यांतली परिचित नावे. प्रत्येक ठिकाणी वर्षाला मोजक्याच जागा असतात.

बाल आपत्कालीन वैद्यक ही उपशाखा मात्र याहून वेगळी. तिची पहिली प्रमाणपत्र परीक्षा दोन्ही मंडळांनी मिळून 1992 मध्ये घेतली. तिच्यासाठी फेलोशिप, म्हणजे निवासी प्रशिक्षणानंतरचे पुढचे विशेष प्रशिक्षण, लागते: बालरोगतज्ज्ञाला 3 वर्षे आणि आपत्कालीन तज्ज्ञाला किमान 2. संयुक्त क्रम पूर्ण केलेल्या डॉक्टरकडे दोन्ही मूळ विषयांची प्रमाणपत्रे असली, तरी फेलोशिपशिवाय त्याला या उपशाखेच्या परीक्षेला बसता येत नाही. मोठ्या बालरुग्णालयांतील नेमणुकांत हे प्रमाणपत्र मागितले जाते, त्यामुळे काही जण पाच वर्षांनंतर पुन्हा फेलोशिप करतात. मात्र अमेरिकेतही तातडीने उपचार लागणारी बहुसंख्य मुले बालरुग्णालयात नव्हे, तर जवळच्या सर्वसाधारण रुग्णालयात पोचतात. तिथे एकाच पाळीत ताप आलेले बाळ आणि छातीत दुखणारे आजोबा येतात. संयुक्त प्रशिक्षणाचा खरा उपयोग तिथे आहे, आणि उपशाखेच्या प्रमाणपत्रावरून त्याची किंमत ठरवणे अन्यायाचे आहे. जन्मजात हृदयदोष किंवा सिकलसेल (आनुवंशिक रक्तविकार) घेऊन विशी गाठलेल्या रुग्णांनाही असा डॉक्टर जवळचा, कारण त्यांचा आजार बालरोगशास्त्रातला आणि वय प्रौढांचे.

भारतात असा संयुक्त क्रम नाही. बालरोगशास्त्रातील एमडी जुनी आहे. आपत्कालीन वैद्यकातील एमडीला तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने 2009 मध्ये मान्यता दिली. दोन्ही प्रत्येकी 3 वर्षांच्या आणि स्वतंत्र. महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत साधारणपणे 12 वर्षांपर्यंतचे मूल बालरोग विभागाकडे जाते, तर अमेरिकेतील बालरोगशास्त्र किशोरवयही आपल्याकडेच ठेवते. ग्रामीण रुग्णालयात रात्री झटके येणारे मूल आले, तर बहुधा एमबीबीएस वैद्यकीय अधिकारीच त्याला पहिल्यांदा पाहतो.