ऑटोच्या कार्डातले फ्यूज

विदर्भात कृषी फीडरला रात्रीची पाळी लागली की लाईन कधी येईल ते पाहत कोणी वावरात बसत नाही. स्टार्टरच्या पेटीतला ‘ऑटो’ मोटार सुरू करतो. आताच्या बऱ्याच ऑटोंच्या कार्डावर मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी चिप, असते. दुरुस्तीला येणाऱ्या काही कार्डांत प्रोग्रॅम अगदी बरोबर निघतो, पण चिपनं कसं चालायचं, घड्याळ कोणतं वापरायचं हे ठरवणारे कॉन्फिगरेशन बिट्स चुकलेले असतात. ते असे का आहेत हे कळायला बरंच मागं जावं लागतं.

१९५६ साली वेन त्सिंग चाऊ यांनी ॲटलस क्षेपणास्त्राच्या संगणकासाठी एकदाच लिहिता येणारी स्मृती शोधली. पुढं या स्मृतीच्या चिपमध्ये बारीक तारा असत. नको ती तार जास्त करंट देऊन जाळायची, उरेल ती माहिती. ‘चिप बर्न करून दे’ हे बोलणं तिथलं. एव्हीआर जातीचे मायक्रोकंट्रोलर वापरणारे कॉन्फिगरेशन बिट्सना आजही ‘फ्यूज बिट्स’च म्हणतात, जरी आत काही जळत नसलं आणि ते पुन्हा पुन्हा लिहिता येत असले तरी.

१९७१ मध्ये इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी ईपीरॉम, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी स्मृती, आणली. क्वार्ट्झच्या खिडकीतून अतिनील प्रकाश दिला की सगळं पुसलं जाई, आणि पुढच्या ईपीरॉममध्ये पुसलेली प्रत्येक जागा १ वाचली जाई. पीआयसी या जातीच्या कोऱ्या मायक्रोकंट्रोलरचे बिट्स १ असतात ते याच घराण्याच्या रीतीनं. त्यातल्या १६एफ८४ए या चिपचे बिट्स कोरेच ठेवले, तर ऑसिलेटर (चिपचं घड्याळ) आरसी, म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटरवर चालणारा, आणि वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर चिप रिसेट करणारा टायमर) चालू, असाच अर्थ लागतो. क्रिस्टल बसवूनही कार्ड मुकं राहतं ते यामुळं.

पीआयसी मूळची जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीची, १९७० च्या दशकातली. तेव्हा प्रोग्रॅम कारखान्यातच चिपमध्ये घडवला जाई, ग्राहकानं ठरवायला काही उरत नसे. पुढं १६सी५४ च्या एकदाच लिहायच्या चिपा विकत घेताना ऑसिलेटरचा प्रकार नावातच यायचा: शेपटीला एक्सटी, आरसी, एचएस किंवा एलपी. चुकीची आणली की ती वाया. १९९३ च्या १६सी८४ नं विजेनंच पुसण्याची सोय केली, आणि लहान दुकानदाराला चूक परवडू लागली. माझ्या मते आमच्यासारख्यांसाठी या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोठं पाऊल हेच.

हे बिट्स प्रोग्रॅमच्या आत का नाहीत? कारण पहिली आज्ञा चालायच्या आधीच घड्याळ कोणतं ते चिपला ठाऊक हवं. म्हणून १६एफ८४ए आणि १६एफ८७७ए मध्ये या बिट्सचा मिळून झालेला कॉन्फिगरेशन शब्द २००७ हेक्स या पत्त्यावर, प्रोग्रॅमच्या हद्दीबाहेर बसवला आहे. चिपमध्ये प्रोग्रॅम उतरवणाऱ्या यंत्राशिवाय, म्हणजे प्रोग्रॅमरशिवाय, तिथं हात पोचत नाही. पूर्वी संगणकावर प्रोग्रॅमरच्या सॉफ्टवेअरच्या खिडकीत खुणा करून तो निवडत. त्या खुणा विसरल्या की सगळं फसलं. पुढं तो प्रोग्रॅमच्या सोर्समध्येच लिहून चिपमध्ये उतरवायच्या हेक्स फाइलसोबत देण्याची पद्धत रुळली.

मी एकदा ८७७ए चं कार्ड करताना जुन्या कामातली कॉन्फिग ओळ जशीच्या तशी उचलली. तिच्यात ब्राउन-आउट, म्हणजे व्होल्टेज पडलं की चिप रिसेट करणारा बिट, बंद होता. टेबलावर कार्ड सुरेख चाललं. वावर मात्र डीपीच्या शेवटच्या टोकाला होतं. लाईन आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम ओढ घेत आणि व्होल्टेज खाली बसे. चिपचे पाच व्होल्टही डळमळले की ती ना धड चाले, ना धड थांबे, आणि कॉन्टॅक्टर फडफडत राही. ज्यांचं कार्ड होतं त्या काकांच्या दोन रात्री पाण्याविना गेल्या, याचं मला अजून वाईट वाटतं. ब्राउन-आउट चालू केला, म्हणजे साधारण ४ व्होल्टच्या खाली चिप सरळ रिसेटमध्ये जाते. सुरुवातीला सुमारे ७२ मिलिसेकंद थांबवणारा पॉवर-अप टायमरही लावला. एलव्हीपी (कमी व्होल्टेजवर प्रोग्रॅमिंगची सोय) बंद केला, कारण तो चालू असला की आरबी३ पिन प्रोग्रॅमिंगसाठी अडकून राहते, आणि तिच्यावर नुसता गोंगाट आला तरी चिप भलत्याच अवस्थेत जाऊ शकते.

कोड प्रोटेक्ट हा बिट तेवढा मी लावत नाही. तो लावला की चिपमधलं वाचता येत नाही, आणि काढायचा तर सगळी स्मृती पुसूनच निघतो. उद्या पेरणीच्या दिवसांत मी दुकानात नसलो, तरी दुसऱ्या कारागिराला ते कार्ड वाचून नव्या चिपमध्ये उतरवता आलं पाहिजे.