बिडाचा मॅनिफोल्ड की पाइपचा हेडर? टर्बो गाडीला काय मानवतं

टर्बो गाडीत हेड (इंजिनाचा वरचा भाग, जिथून धूर बाहेर पडतो) आणि टर्बो (धुराच्या जोराने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) यांच्या मधे जो जाडजूड तुकडा असतो, तो एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. कंपनीचा बहुधा बिडाचा (कास्ट आयर्नचा), एकसंध ओतलेला. बाजारात ‘हेडर’ म्हणून मिळतो तो स्टेनलेसच्या पाइपा कापून, आर्गॉन वेल्डिंगने जोडलेला. दिसायला दुसरा देखणा, म्हणून तोच चांगला असं पुष्कळजण धरून चालतात. इथेच घोळ होतो, कारण हेडरचं गणित मुळात बिनटर्बो इंजिनाचं आहे.

बिनटर्बो इंजिनात लांब, सारख्या मापाच्या पाइपांचा खरा उपयोग होतो. एका सिलिंडरचा धूर जोरात निघून गेला की त्याच्या मागे दाब कमी होतो आणि पुढचा धूर ओढला जातो. टर्बोत मात्र वाटेत टर्बाइनचं चाक उभं आहे. चाकाआधीचा दाब पुष्कळदा बूस्टइतका (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेच्या दाबाइतका), कधी त्याहून जास्त असतो. तिथे धूर ओढून नेण्यापेक्षा तो गरम आणि वेगात चाकावर आदळणं महत्त्वाचं. पाइप लांब झाली की उष्णता वाटेत उडते, भरायची पोकळी वाढते आणि बूस्ट उशिरा येतो. आखूड बिडाचा मॅनिफोल्ड खालच्या आरपीएमला चपळ वाटतो तो यामुळेच.

बिडाच्या मॅनिफोल्डची अडचण वरच्या आरपीएमला दिसते. चार सिलिंडर पेटण्याचा क्रम 1-3-4-2 धरा. 3 नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा 1 नंबरचा अजून पुरता मिटलेला नसतो. सगळे पोर्ट (धूर बाहेर पडायची तोंडं) एकाच नळकांड्यात उघडत असतील, तर 3 चा धक्का मागे 1 मध्ये शिरतो, जळलेला धूर आत उरतो, नॉकिंगची (इंधन अवेळी पेटून ठोके बसण्याची) शक्यता वाढते आणि इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. यावरचा उपाय म्हणजे 1-4 आणि 2-3 अशा जोड्या वेगळ्या ठेवून दोन वाटांच्या, म्हणजे ट्विन-स्क्रोल टर्बोत सोडणं. मॅनिफोल्ड दोन वाटांचा आणि टर्बो एका वाटेचा असेल तर त्या खर्चाचा फारसा फायदा होत नाही. तीन सिलिंडरला दोन धक्क्यांत 240 अंशांचं अंतर असतं, तिथे हा प्रश्न मुळात फार छोटा आहे.

आता धातूकडे येऊ. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्र्यांमुळे कोल्हापुरात बिडाची पारख अनेकांना आहे. म्हणूनच जुन्या मॅनिफोल्डवरून पॅटर्न काढून ‘इथेच ओतून घेऊ’ हा विचार सहज येतो. ओतताना ग्रेड चुकली की काम वाया जातं. साधं ग्रे आयर्न 600 अंशांच्या पुढे सतत तापलं की आतून ऑक्सिडाइझ होऊन फुगतं आणि तडकतं. डिझेलला सिलिकॉन-मॉलिब्डेनम घातलेलं एस.जी. आयर्न (आतलं ग्रॅफाइट गोल कणांचं असलेलं चिवट बीड) चालतं. टर्बो पेट्रोलचा धूर 900 अंशांच्या वर जातो, तिथे निकेल जास्त असलेलं बीड किंवा उष्णतारोधक स्टेनलेसचं ओतकामच हवं.

स्टेनलेस पाइपची खोड वेगळी आहे, ती फार प्रसरण पावते. 400 मि.मी. लांबीचा तुकडा 700 अंशांनी तापला, तर 304 स्टेनलेस सुमारे 5 मि.मी. वाढतं, बीड साडेतीनच्या आसपास. ही वाढ कुठेतरी जिरायला हवी. दोन्ही टोकं घट्ट आवळलेली असतील तर वेल्डच्या कडेला तडा जातो, आणि वर टर्बोचं वजनही त्याच सांध्यावर असतं. म्हणून पाइपचा मॅनिफोल्ड करायचाच, तर साधी पातळ ट्यूब नको. शेड्यूल-10 ची 1.25 इंची पाइप घ्यावी, तिची जाडी 2.77 मि.मी. असते. हेडला बसणारी फ्लँज (बोल्टच्या भोकांची चपटी पट्टी) 10 ते 12 मि.मी. जाड ठेवावी आणि वेल्डिंगच्या वेळी ती जुन्या हेडला किंवा जाड प्लेटला आवळून धरावी, नाहीतर केळीसारखी वाकते. पोर्टांच्या मधे फ्लँजला काप द्यावा. मधलं भोक मापात, कडेची भोकं थोडी मोठी ठेवावी, म्हणजे मॅनिफोल्डला सरकायला जागा मिळते. पाइपच्या आतूनही आर्गॉन सोडला नाही तर आत साखरेसारखे खडे तयार होतात. तो वेल्ड तडकतो आणि सुटलेला खडा टर्बाइनच्या पात्यांवर जातो. टर्बोला ब्लॉकपासून ब्रॅकेटचा आधार द्यावा. हीट रॅप गुंडाळल्याने धातू आणखी तापतो, सिरॅमिक कोटिंग बरं.

रोजच्या गाडीला, टर्बो कंपनीचाच असेल तर, बिडाचाच मॅनिफोल्ड नीट करून घेणं शहाणपणाचं. टर्बो सोडवून वेगळा ठेवा, बिडाची भुकटी त्यात जाता कामा नये. नवं पॅकिंग पोर्टवर धरून रेघ मारा आणि कार्बाइड बरने (धातू खरवडणाऱ्या फिरत्या बिटाने) 10 ते 15 मि.मी. आतपर्यंत कड सावकाश मिळवा. मॅनिफोल्डचं तोंड हेडच्या पोर्टपेक्षा किंचित मोठं असलेलं चालतं, लहान मुळीच नको. मग सरळ पट्टी आणि फीलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पानांचं माप) लावा. 0.1 मि.मी.चं पान पट्टीखाली जात असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात सरफेस ग्राइंडरवर फेस मारून घ्या. तडा दिसला तर टोकाला 3 मि.मी.चं भोक पाडून, तापवून, निकेल रॉडने वेल्ड करून चुन्यात हळू गार करता येतं. पण ती डागडुजी आहे, तडा पुष्कळदा पुन्हा उघडतो.

काही गाड्यांत बदलायला मॅनिफोल्डच नसतो. पोलो, व्हर्टस, स्लाव्हियाच्या 1.0 टीएसआय इंजिनात तो हेडमध्येच ओतलेला आहे आणि भोवती कूलंट फिरतं, टर्बो थेट हेडला बसतो. जुन्या लॉराच्या 1.8 टीएसआयमध्ये मॅनिफोल्ड आणि टर्बाइनचं घर मिळून एकच ओतकाम आहे. अशा गाडीसाठी हेडर मागवण्याआधी इंजिनचा कोड बघा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि वॉरंटीही जाते.

गळती ओळखायची खूण सोपी आहे. थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक येते, तापलं की थांबते, आणि पॅकिंगच्या कडेला काजळी दिसते. जोडताना स्टड आणि नट नवे घ्या, मधून सुरुवात करून कडेकडे आवळा. एम-8 (8 मि.मी.च्या) स्टडला साधारण 20 ते 25 न्यूटन-मीटर लागतात, पण गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा. नंतर दोन-तीनदा इंजिन पुरतं तापवून पुरतं गार होऊ द्या आणि थंड असतानाच टॉर्क पुन्हा तपासा. गगनबावड्याचा घाट त्यानंतर.